चादरीचा कोपरा

आधी हात धुवा. नुसते ओले करून चालायचं नाही. कोपरापर्यंत, साबण लावून, नखांना ब्रश मारून. आता हा पांढरा गाऊन चढवा, नाकातोंडावर फडका बांधा आणि दार हलकेच लोटा.

गालांवर वाफारा आला ना? भर मे महिन्यात एसटीच्या सगळ्या खिडक्या बंद करून बसल्यासारखं वाटतंय, पण बाहेर इंग्लंडचा उन्हाळा आहे, साल 1956. एसेक्समधलं रॉचफर्डचं हे सरकारी रुग्णालय, आणि तुम्ही उभे आहात तो दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग. उकळलेल्या रबरी नळ्या, कोमट दूध, कांजी केलेले एप्रन आणि जंतुनाशक, सगळ्यांचा मिळून एक वास तुमच्या फडक्यातून आत शिरतोय. काचेच्या पेटीत डोकावा. संत्र्याएवढं डोकं, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. रडणं म्हणाल तर मांजरीच्या पिल्लासारखं.

खोलीतली ती चपळ बाई म्हणजे सिस्टर वॉर्ड. आडनाव वॉर्ड, काम वॉर्डात. कुत्र्याची पिल्लं वाढवण्यात त्यांचा हातखंडा, आणि तोच हात या बाळांनाही लागू पडतो, हे त्यांच्या डॉक्टरांनीच पुढे लिहून ठेवलंय. सिस्टरचं एक ठाम मत आहे: या कोंदट पेट्यांपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं. तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तुमची आजी तेल चोळून, आंघोळ घालून बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसायचीच की. इथे मात्र हे चोरून करावं लागतं.

चला, बाळांचा एक गाडा तुम्ही ढकला. चाक कुरकुरतंय, उचलून धरा. हे आलं अंगण. काय हायसं वाटलं! गवताचा वास, मानेवरचा घाम वाळतोय. एवढ्यात डोक्यावर घरघर होते आणि जाडजूड पोटाचं एक विमान खाली वाकून जातं. शेजारीच साउथएंडचा विमानतळ आहे. इथून माणसं चक्क मोटारीसकट विमानात बसून फ्रान्सला जातात. बाळं दचकतात, हातपाय फाकतात, पुन्हा झोपतात. ऊन सरकलं की सिस्टर चादर सरकवतात. डॉक्टरांच्या फेरीआधी सगळे गाडे आत, जागच्या जागी. कुणाला काही कळता कामा नये.

आणि आज सिस्टर स्वतःहूनच सांगायला निघाल्यात.

फेरी आलीय. पुढे डॉ. डॉब्स, मागे तरुण डॉक्टर, बुटांची टकटक. सिस्टर जरा चाचरत एका बाळाची चादर काढतात. तुम्हीही वाका. बाळाला कावीळ आहे, अंग फिकट पिवळं. पण पोटावर एक तिकोन गडद पिवळा आहे, कडा पट्टीने आखल्यासारख्या. डॉक्टर विचारतात, हे काय फासलंय, आयोडीन? सिस्टर म्हणतात, ऊन असावं. उन्हाने कातडी रापायला दिवस लागतात, डॉक्टर ऐकवतात. सिस्टरना कानकोंडं झालंय, तरी त्या रेटून सांगतात: तिकोनावर काही झालेलं नाही. तिथे चादरीचा कोपरा होता. उतरलाय तो बाकीच्या अंगाचा रंग.

खोलीत कोणी काही बोलत नाही. बोलण्यासारखं कुणाकडे नसतं म्हणून, हे कबूल करू या.

तुम्हाला वाटेल, रंगाचं एवढं काय? मग बाहेरच्या बाकापर्यंत या. आईच्या मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा आहे. त्याला पेला हवाय. हात निघतो, वाटेत वळतो, बोटं पिरगळतात, मान उलट दिशेला जाते, तोंड वाकडं होतं. तो हात परत आणतो, पुन्हा पाठवतो. आई हाक मारते, त्याला ऐकू येत नाही. डोळे मात्र पेल्यावर खिळलेत. काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक आहे. जन्मल्यावर त्याला जबर कावीळ झाली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. नवजात बाळाच्या यकृताला ते झेपत नाही, दिवस न भरलेल्याच्या तर नाहीच. आईचं आणि बाळाचं रक्त आरएच गटावरून जुळलं नाही तर पेशी धडाधड फुटतात. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते. प्रमाण फार वाढलं तर मात्र ते पिवळेपण मेंदूच्या आतल्या गाठींत जाऊन बसतं, नेमकं हालचालींना ताल देणाऱ्या जागी. या मुलासारखी हालचालींवरचा ताबा सुटण्याची अवस्था म्हणजे सेरेब्रल पाल्सी. तिला कारणं पुष्कळ, त्यातलं हे एक. पण अडवता येण्याजोगं.

अडवायचा तेव्हाचा उपाय एकच, रक्त बदलणं. बेंबीच्या शिरेतून नळी घालायची, थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसऱ्याचं भरायचं, पुन्हा काढायचं. तास उलटतात. तुमचे पाय भरून येतील आणि श्वास अडकलेलाच राहील.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत चक्कर मारा. अशाच एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीच्या कट्ट्यावर राहून गेलीय, काही तास उन्हात. रसायनतज्ज्ञ पेरीमन तपासतात, तर पिवळ्याचं प्रमाण भलतंच कमी. ताजं रक्त घेतात, तर जास्त. मग ती खिडकी आठवते, आणि सिस्टरचा तिकोनही.

पुढचं झटपट बघून घ्या, कारण प्रयोग म्हणजे मुख्यतः वाट बघणं असतं. याच रुग्णालयातले डॉ. क्रेमर कावीळ झालेल्या बाळांना उघडं करून थोडा थोडा वेळ उन्हात ठेवतात आणि रक्त तपासतात, आकडा उतरतो. पण इंग्लंडच्या उन्हाचा भरवसा कोण देणार? मग पोलादी पन्हाळीखाली आठ निळसर ट्यूबलाइट लावून पाळण्यावर टांगतात. 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सगळं छापून येतं. अमेरिकेला पटायला आणखी दहा वर्षं लागतात. आज पुण्या-नाशिकात कुणाचं बाळ ‘लाइटखाली ठेवलंय’ असं ऐकलं की समजा, ते हेच. (म्हणून कावीळ झालेलं बाळ घरीच गॅलरीत धरून बसू नका. उन्हाला माप नसतं, आणि किती पिवळं म्हणजे फार पिवळं, ते रक्त सांगतं.)

आता रात्र झालीय. खोलीत निळा उजेड, ट्यूबची बारीक गुणगुण, बाळ नागडं, मुठी उघडलेल्या. त्या प्रकाशाने त्याच्या कातडीखालच्या रेणूचा आकार बदलतोय. एरवी पाण्यात न विरघळणारा तो आता विरघळून बाहेर पडेल. कावीळ उतरली का? बघून सांगता यायचं नाही, निळ्यात पिवळं दिसतच नाही. उजाडेपर्यंत थांबा. दिवे बंद करा, बाळाला उचलून खिडकीशी न्या. नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवा, अलगद दाबा, उचला. रक्त परत येऊन जागा लाल व्हायच्या आत बघा, खाली कोणता रंग उरलाय.