खुडूक

खुराड्यातली कोंबडी घरट्यावरून उठेनाशी झाली, हात नेला की पिसं फुलवून घशातल्या घशात कुरकुरायला लागली, की आमची आजी म्हणायची, "खुडूक झाली गं बाई. आता हिला बसवायला हवी." मग जुन्या पाटीत राख आणि पेंढा पसरायचा. कोळशाची खूण केलेली अकरा नाही तर तेरा अंडी त्यावर मांडायची. खूण अशासाठी की दुसऱ्या कोंबडीनं मागाहून अंडं घातलं तर ते ओळखू यावं. पेंढ्याखाली तुटक्या विळ्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे विजेच्या कडकडाटानं अंडी नासत नाहीत असा समज. दिवेलागण झाली की कोंबडी अलगद उचलून पाटीत ठेवायची. पोटाखाली अंडी लागली की ती अंग सैल सोडून पसरायची आणि एकवीस दिवस तिथंच राहायची.

आजीच्या तोंडी खुडूक हा शब्द आनंदाचा होता. आज अंड्यांच्या व्यवसायात खुडूक होणं हा दोष मानतात, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. गुणाचा दोष कसा झाला, हे समजून घ्यायचं तर कोंबडीचं कूळ शोधत जंगलात जावं लागतं.

पाळीव कोंबडीचा मूळपुरुष म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. त्याची मादी झुडपाखाली थोडकी अंडी घालते, ती उबवते, पिलं वाढवते. वर्षाकाठी तिची अंडी जेमतेम दहा-पंधरा. आपल्या सह्याद्रीत ओरडतो तो राखी रानकोंबडा तिचा भाऊबंद. जगभरच्या कोंबड्यांचे पिवळे पाय या राखी कुळाकडून आले, हे 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार नक्की पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातली. भातशेती आली, धान्य सांडू लागलं, त्या दाण्यांच्या ओढीनं रानपक्षी माणसाजवळ आले, असं हे संशोधक मानतात. माणसानं त्यांना दाणा दिला, आसरा दिला. अंडी उबवायचं मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही. खुडूक होणं कोंबडी रानातूनच घेऊन आली होती, म्हणून तर ती गावोगाव पसरू शकली.

पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला अंडी विषम संख्येत ठेवायला सांगतो आणि विजेच्या गडगडाटापासून राखण म्हणून लोक घरट्यात लोखंडी खिळेही घालतात, असं नोंदवतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. अकरा अंडी आणि विळ्याचा तुकडा. दोन हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन शेतकरी घरांना एकच काळजी होती.

कोंबडीवाचून पिलं काढायची विद्याही जुनी आहे. इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या उबेत फुटतात, असं ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं. पुढे तिथं मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या चालत. अंडी किती तापली हे तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ओळखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरनं या विद्येवर 1749 साली ग्रंथ काढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उबवणयंत्रं विकायला आली आणि अंडी उबवायला आईच लागते, ही अट सुटली.

यंत्राला जोड मिळाली पिलाच्या पोटातल्या बलकाची. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस निभतं. सगळी अंडी एका वेळी फुटत नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी आईला बसून राहता यावं म्हणून निसर्गानं बांधून दिलेली ही शिदोरी. याच शिदोरीच्या जोरावर एक दिवसाची पिलं खोक्यात भरून दूरदूर पाठवता येऊ लागली.

कोंबडी खुडूक का होते, हेही पुढे उलगडलं. 1935 साली शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून निघणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचलं की कोंबडी खुडूक होते. पण ज्यांना अंडीच हवी होती त्यांनी त्याच्या आधीपासूनच न बसणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचा वंश वाढवला होता. इटालियन कुळातली पांढरी लेगहॉर्न त्यात पुढे आली. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर आजची लेगहॉर्न तीनशेच्या घरात. गरिबाच्या ताटात अंडं स्वस्तात पोचलं ते तिच्यामुळे, हे मान्यच करायला हवं. पण तिच्या वंशाला यंत्रावाचून किंवा दुसऱ्या कोंबडीच्या उबेवाचून पुढची पिढी नाही.

ही गोष्ट फक्त परदेशी जातीपुरती नाही. झाबुआकडचा कडकनाथ आता महाराष्ट्रात खूप जण पाळतात. त्याची मादी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून कडकनाथची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवतात. असील कोंबडी मात्र पक्की बसणारी. पिलांवर घार झेप घेते तेव्हा अंगावर धावून जाते तीही अशीच आई.

आणि तिचं काम उबेवर संपत नाही. अंडं फुटण्याआधी आतून पिलू चिवचिवतं, तिला ते ऐकू जातं आणि ती हलक्या आवाजात ओ देते. बाहेर आलेल्या पिलांना ती दाणा चोचीत धरून, पुन्हा खाली टाकून दाखवते. उकिरडा कसा उकरायचा, आभाळात सावली दिसली की कुठं दडायचं, हे ती सोबत राहून दाखवते. यंत्र साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब देतं. ही शिकवण त्याच्याजवळ नाही.

खुडूक कोंबडीला भानावर आणायला कुणी पाण्यात बुडवतात, कुणी नाकातून पीस ओवतात. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यांना माझी विनंती आहे, असं करू नका. वर्षातून एकदा तरी त्यातली एक बसू द्या. पाटी, मूठभर राख आणि पेंढा एवढाच खर्च आहे. बसायची ही ओढ रक्तातून उतरते. बसणाऱ्या कोंबडीची पिलं राखली तरच ती ओढ आपल्या परसात टिकेल.