रायगडावरचा वाघ्या खरा की नाटकातला?

आमच्या पोंभुर्ण्यात रात्री गावठी कुत्री एकदम भुंकायला लागली की समजायचं, बिबट्या आसपास असावा. त्यामुळे वाघ्याची गोष्ट मला लहानपणी लगेच पटली. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणारा कुत्रा! पण १६८० च्या काळातल्या कागदपत्रांत इतिहासकारांना तो सापडत नाही. तो सापडतो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मध्ये. हे नाटकही अपुरंच राहिलं. १९१९ साली गडकरी गेले, तेही आपल्या विदर्भातच, सावनेरला. १९३६ मध्ये रायगडावर वाघ्याचा पुतळा उभा राहिला. पुढे तो उखडला गेला आणि लगेच परतही बसवला. वाद अजून चालूच आहे. पुरावा मागणाऱ्यांचं मला पटतं. पण पुतळा काढण्यापेक्षा शेजारी पाटी लावा ना: हा कुत्रा दंतकथेतला, आणि गडकऱ्यांचा.