दिनविशेष : १६ सप्टेंबर १९४८ – हैदराबाद सुरक्षा परिषदेत

पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने हैदराबादची भारताविरुद्धची तक्रार विषयपत्रिकेवर घेतली. निजामाची बाजू मोईन नवाज जंग यांनी मांडली, भारताची रामस्वामी मुदलियार यांनी. सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने १३ तारखेलाच नळदुर्ग घेतले होते. १७ तारखेला हैदराबादने शरणागती पत्करली, आणि काही दिवसांत निजामाने तक्रारही मागे घेतली.

हैदराबाद स्वतंत्र राष्ट्रच नाही, मग तक्रारीचा हक्क कुठला, हा भारताचा युक्तिवाद. दोघांत १९४७ चा ‘जैसे थे’ करार झालेला असताना हा घरचा मामला कसा, असा आक्षेप आजही घेतला जातो. पण त्या कराराने संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहाराची जुनीच व्यवस्था पुढे चालू ठेवली होती; सार्वभौमत्व त्यातून सिद्ध होत नाही. परिषदेने यावर निकाल कधीच दिला नाही. घरचा मामला म्हटल्यावर लष्करी कारवाईच्या काळातील हिंसाचाराच्या चौकशीची जबाबदारीही घरचीच. ती चौकशी भारत सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने केली. त्या हिंसाचाराने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, नोंदवले. अहवाल मात्र कित्येक दशके बंद राहिला. भारताचा दावा भक्कम होता. अहवाल दडवणे समर्थनीय नव्हते.