महाराष्ट्र नव्हता तेव्हाचा महाराष्ट्र

मंडळी, एक सोपा प्रश्न. रणजी करंडकात आपल्या नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं!) टीम कुठली? पटकन मुंबई तोंडात येतं ना? पण उत्तर आहे महाराष्ट्र. या महाराष्ट्रात मुंबई नाही आणि विदर्भही नाही. त्या दोघांच्या टीम वेगळ्या.

ही टीम आपल्या राज्यापेक्षा जुनी आहे. राज्य झालं १ मे १९६० ला. रणजी सुरू झाली १९३४-३५ मध्ये, आणि तेव्हापासून स्कोअरबोर्डवर 'महाराष्ट्र' हे नाव आहे. नगर जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. म्हणजे नकाशावर यायच्या पंचवीस वर्षं आधी महाराष्ट्र मैदानात उतरला होता. मला याची फार गंमत वाटते.

बरं, नुसता उतरला नाही, जिंकलाही. १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला (आजचा उत्तर प्रदेश) दहा विकेट्सनी हरवून पहिलं विजेतेपद मिळालं. त्याच मोसमात विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. कॅप्टन होते दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या, पण भारताला कसोटी दर्जा १९३२ मध्ये मिळाला तेव्हा ते चाळिशीला पोचले होते. कसोटी खेळायची राहिली ती राहिलीच.

खरी गोष्ट पुढच्या मोसमाची, १९४०-४१ ची. समोर मुंबई. रणजीची पहिली दोन्ही विजेतेपदं मुंबईची. पुण्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या २४६, वय वर्षं ४८! मुंबईनेही सोडलं नाही, ६५० पर्यंत पोचली. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागायचा. तेराशेपेक्षा जास्त धावा झाल्या आणि फरक पडला २५ धावांचा. पुढे मद्रासला जाऊन फायनलही जिंकली.

त्यानंतर? तिसरं विजेतेपद अजून आलेलं नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये फायनलपर्यंत पोचून हरलो.

लगेच १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळायला लागले आणि १९४२-४३ चा करंडक बडोद्याने नेला. साठ वर्षांनी हेच आपल्या जिल्ह्यातही झालं. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून खेळला, आणि २०००-०१ मध्ये बडोदा जिंकलं तेव्हा तो संघात होता. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे मुंबईचा कॅप्टन होऊन २०२३-२४ चा करंडक घेऊन आला.

यात त्यांचा दोष मुळीच नाही. चांगली संधी मिळेल तिथे पोरं जाणारच, नगरची तर पिढ्यान् पिढ्या पुण्या-मुंबईला जात आली आहेत. पण १९४०-४१ चा मोसम बघितला की वाटतं, चांगले खेळाडू आपल्याकडे नव्हतेच असं कधीच नव्हतं. ते एका वेळी, एका टीममध्ये फार थोडा काळ टिकले. त्या थोड्या काळात एका संस्कृतच्या प्राध्यापकाने त्यांना घेऊन दोनदा करंडक आणला.

असो. पुढच्या वेळी पेपरात रणजीचा स्कोअर दिसला तर मुंबईच्या खाली महाराष्ट्रही शोधा. ती आपली टीम आहे.