रकान्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की लोकांना तलवारी आठवतात. मला तलाठी आठवतो. त्याला इलाज नाही, मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे राज्यं आली नि गेली. पण शेतकऱ्याला त्याची खरी खबर लागली ती दफ्तरातल्या रकान्यांवरून.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. 'जँगो' नावाच्या तयार सांगाड्यावर तो वेबसाइटी उभ्या करतो. दिवाळीला गावी आला तरी मांडीवर फराळाच्या ताटाऐवजी लॅपटॉप. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, मायग्रेशन लिहायलो." मी दचकलो. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यात मायग्रेशनचा एकच अर्थ : कोयता घेऊन ऊसतोडीला जाणं!

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. माहिती तक्त्यांत भरलेली असते. त्यात एखादा रकाना वाढवायचा, गाळायचा किंवा त्याचं नाव बदलायचं, तर थेट खाडाखोड करायची नाही. त्या बदलाची एक फाइल लिहायची, तिला क्रमांक द्यायचा आणि फाइली ओळीनं चालवायच्या. कुठवरच्या चालल्या, याची नोंद यंत्र वेगळ्या तक्त्यात ठेवतं. एकदा फाइल इतरांकडे पोहोचली की तिला हात लावायचा नाही. चूक निघाली तर पुढच्या क्रमांकाची नवी लिहायची. "जँगोत २०१४ पासून ही सोय अंगचीच आहे," तो कौतुकानं म्हणाला.

"अरे, हा तर गाव नमुना सहा!" मी म्हटलं. फेरफाराचं रजिस्टर. खरेदी असो की वारस, ओळीनं क्रमांक पडतो. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी तपासून नोंद मंजूर करतो, आणि मग नाव सात-बारावर चढतं. २०२० साली सात-बाराचा नमुना सुधारला, तेव्हा शेवटच्या फेरफाराचा क्रमांक नि तारीख त्यावर छापायचंही ठरलं.

"पण काका, फेरफारात नाव बदलतं. मी रकानाच बदलतो."

रकाने बदलणं बघायचं तर आमच्या आजोबांचा जन्म घ्यायला हवा. ते जन्मले निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, साल फसली, नाणं हाली. महिना पाहून फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इंग्रजी साल निघे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. १९४९ साली जहागिरी गेल्या, एक रकाना गळाला. १९५० साली कूळ कायदा आला, दुसरा वाढला. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा. १९५९ साली हाली कायमचं जाईपर्यंत हा भागाकार डोक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मध्ये १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. पुढे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. पटवाऱ्याचा तलाठी झाला होताच. २०२४ साली तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. लोक मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात. एवढ्या धामधुमीत आजोबा जागचे हलले नाहीत. बांध हलला असेल, पण तो भाऊबंदांच्या कृपेनं. त्यात सरकारचा हात नव्हता.

"खरी गोची पुढंच," पुतण्या म्हणाला. भरलेल्या तक्त्यात सक्तीचा नवा रकाना आणला की यंत्र अडून बसतं : जुन्या ओळींत काय भरू? घाईत माणूस काहीतरी भरतो नि ते तसंच राहतं.

इथं मी गप्प झालो. आमच्या सात-बारावर कित्येक वर्षं थोरल्या काकांच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' होतं. लहानपणी मला ती बी.ए.सारखी पदवी वाटे. अर्थ होता एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, मागं सगळं खटलं. त्या खटल्यात आमची आत्याही होती. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. दिल्लीनं रकाना वाढवला. पण आत्याच्या ओळीत घरानं आधीच 'भाऊबीज' भरून ठेवली होती.

"हे उलटं फिरवता येतं का रे?" मी विचारलं.

"येतं. पण गाळलेला रकाना रिकामाच परत येतो. आतला मजकूर येत नाही."

म्हणून जुनी दफ्तरं जपायची. २०२३ साली शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांना केवढा भाव आला! आणि म्हणूनच २०१७ साली संगणकातला सात-बारा चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवला. हाताच्या लेखाशी जुळतो का, ते गावानंच सांगायचं. लेखनिकाची चूक निघाली तर कलम १५५ आहेच.

त्या वाचनाला आत्या सासरहून एस.टी.नं आली होती. आमचा गट आला, नावं संपली. पदर सावरत ती उठली. "भाऊसाहेब, माझं ऱ्हायलं की."

भाऊसाहेबांनी यादी पाहिली, मग आमच्या काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

पुढं रीतसर वारसाचा फेरफार पडला. पंधरा दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही, पण हरकतही कुणी घेतली नाही. त्या फेरफाराचा क्रमांक घरात कुणाला विचारा, सांगता येणार नाही. आत्याला पाठ आहे.