भिंत न फोडता आत पाहायचं कसं?

आजचा विषय सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवती हसल्याच. म्हणाल्या, "आयुष्यभर फौजेत इंजिनिअर होतात, आणि आता न्हाणीच्या पाइपावर भाषण देणार?" हो, त्यावरच देणार आहे.

मी महूला राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर छताला ओल आली. प्लंबर आला, भिंतीवर बोटं वाजवून म्हणाला, "साहब, तोड़ना पड़ेगा." तोडलं. पाइप ठणठणीत. दुसरीकडे तोडलं, तिथंही काही नाही. तिसऱ्या दिवशी एक पोरगा कमरेला वेटोळं अडकवून आला. लवचीक सळई, टोकाला बोराएवढा कॅमेरा, भोवती बारीक दिवे. नहाणी ट्रॅपची जाळी काढून त्यानं ती आत ढकलली आणि दहा मिनिटांत पडद्यावर उसवलेला सांधा दाखवला. फोडलेल्या दोन्ही जागांपासून चार फुटांवर. (हा 'नहाणी ट्रॅप' शब्द देशभरचे प्लंबर वापरतात. न्हाणी आपल्याच घरातली, एवढं लक्षात असू द्या.)

टाइल गेल्याचं दुःख नाही. पण मला एक जुनं ठाणं आठवलं. तरुण कॅप्टन होतो. युनिटमध्ये एकामागून एक जवान काविळीनं आजारी पडू लागले. पाण्याची टाकी साफ, क्लोरीन व्यवस्थित. मग नळ आणि गटार जिथं एकमेकांना ओलांडत होते तिथं खणायला घेतलं. चार दिवस खणलं तेव्हा दोष सापडला. पाणी ठरावीक वेळीच सोडत. पाणी बंद झालं की नळातला दाब पडतो, कधी उलटी ओढ लागते, आणि भोवतालची घाण बारीक चिरेतून आत खेचली जाते. पाणी चालू असताना हीच चीर बाहेर गळते. बंद झाल्यावर आत पिते. त्या चार दिवसांत आणखी पोरं आजारी पडली. हे मी विसरलेलो नाही.

या गोष्टीचा थोरला भाऊ लंडनमध्ये सापडतो. ऑगस्ट 1854 च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा उसळला आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा हिशेब मांडून रस्त्यावरच्या हातपंपाकडे बोट दाखवलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. पंपाची विहीर नंतर आतून तपासली, तर तिच्यात दोष दिसला नाही! स्नोंचं म्हणणं लोकांना पटेना. तिथले तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांचाही आधी विश्वास नव्हता. पण घरोघर चौकशी करता करता त्यांना 40 नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ सापडलं. साथ उसळण्याआधीच ते हगवणीनं आजारी पडलं होतं. आई त्याचे लंगोट बादलीत धुऊन ते पाणी घरापुढच्या मैलाखड्यात ओतत असे. मग एप्रिल 1855 मध्ये यॉर्क नावाच्या सर्वेक्षकानं तिथं खणलं. खड्ड्याच्या आणि मोरीच्या विटा कुजून सुट्या झालेल्या. खड्डा आणि विहीर यांच्यात तीन फुटांपेक्षाही कमी माती, आणि ती चिंब. म्हणजे एका घराची गळकी मोरी! ती दिसायला साडेसात महिने लागले, कारण आत पाहायचा मार्ग एकच होता, कुदळ.

गंमत अशी, की माणसाच्या पोटात पाहायची सोय घराच्या मोरीआधी झाली. 1868 साली जर्मनीत डॉक्टर कुसमाउल यांनी जठरात पाहण्यासाठी सरळ, ताठ नळी वापरली. पण आतडी सरळ नसतात, मोऱ्याही नसतात. वाकणाऱ्या वाटेनं चित्र आणायचं कसं, याचं एक मोठं उत्तर पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर दिलं. जानेवारी 1954 मध्ये, केसासारख्या काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं, हे त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. 1957 मध्ये अमेरिकेत डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी तसली दुर्बीण आधी स्वतःच्या घशातून उतरवली. असा अधिकारी मला आवडतो. आधी स्वतः, मग बाकीचे.

चित्र आलं, पण दोरी पुढं सरकवायची कशी? 1971 मध्ये अमेरिकेत, पुढं फर्मीलॅब म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेत, लांबलचक नळ्या साफ करायला चक्क फेलिशिया नावाची फेरेट वापरली. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा प्राणी. ती दोरी घेऊन पलीकडे निघे आणि मग त्या दोरीनं फडकं ओढत.

पुढच्याच वर्षी तोक्योत शिगेओ हिरोसे यांनी सापाची चाल अभ्यासून दोन मीटर लांबीचा, वीस सांध्यांचा यांत्रिक साप चालवला. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी वेगळीच युक्ती जाहीर केली. मोजा उलटा करून हवेनं फुगवला तर तो टोकाकडून उलटत लांबतो ना? तसा पातळ प्लास्टिकचा नळा. बाहेरची कातडी भिंतीवर घासतच नाही, फक्त टोक वाढतं, वेलीसारखं. तो सत्तर मीटरपलीकडे वाढवून दाखवला. एमआयटीत यू वू यांनी गळती हुडकणारा मऊ रोबो केला, आकारानं थेट बॅडमिंटनच्या फुलासारखा. तो पाण्याबरोबर वाहतो आणि भोकाजवळ लागणारी ओढ अंगानं ओळखतो. पण तो रस्त्याखालच्या मोठ्या नळांसाठी.

घरातला पाइप अवघड का, हे सॅपर्सना चटकन कळेल. चिखलात गाडी उतरवताना आपण दोर झाडाला दोन वेढे देतो आणि मग एक माणूस अख्खी गाडी तोलून धरतो. पाइपातली प्रत्येक कोपर म्हणजे पाव वेढा. तीन-चार कोपरी झाल्या की मागून कितीही ढकला, टोक हलत नाही. वेलीची बाहेरची कातडी घासत नाही, तरी आतून येणारी तिची शेपटी वळणावर घासतेच. शिवाय आपल्या घरांत अर्धा इंच, पाऊण इंच, चार इंच, आणि कुठून कुठं गेलंय याचा नकाशा बिल्डरकडेही नसतो.

हे सगळं मी का घेऊन बसलोय? मागच्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली. बैठकीत ठरत आलं होतं, एका मुलाला आत उतरवू, पाचशे रुपये देऊ. मी उभा राहिलो. 2013 च्या कायद्यानं हे काम असं करून घ्यायला मनाई आहे, आणि ती फक्त नगरपालिकेला नाही, कुणालाही आहे, म्हणजे आपल्यालाही. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. एक सदस्य म्हणाले, "साहेब, दोन मिनिटांचं तर काम आहे." टाकीतला वायू तेवढाही वेळ देत नाही. आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो.

बैठक तशीच उठली. दुसऱ्या दिवशी मी त्या कॅमेऱ्यावाल्या पोराला बोलावलं. बाहेर जाणाऱ्या पाइपातून त्यानं सळई घातली. पहिल्या कोपरीला अडली, पिळून पुढं गेली. पडद्यावर पिंपळाची मुळं दिसली, जटेसारखी, आणि त्यात अडकलेला नारळाचा काथ्या. जागा मोजून वरून एक फरशी उचलली आणि तेवढा तुकडा बदलला. पिंपळ कंपाउंडबाहेरचा आहे. तो तोडावा की नाही, यावरचं भांडण अजून चालू आहे.