बोल, ठेका आणि कोंगो : कऱ्हाटीतील तालशिक्षणाचा मागोवा

पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा मोरगाव आणि बारामती ओलांडून नीरेला मिळते. तिच्या काठच्या मुलखात, म्हणजे कऱ्हाटीत, आणि शेजारच्या इंदापूरच्या माळावर तालाचे शिक्षण दीर्घकाळ पुस्तकावाचून चालले, आणि तरीही ते अशास्त्रीय नव्हते. बिरोबाच्या जत्रेत रंगीत रुमाल उडवत नाचणाऱ्या धनगरांच्या गजीचा ढोल असो किंवा एका हातात जाड टिपरू व दुसऱ्या हातात बारीक काडी धरून वाजवली जाणारी हलगी असो, शिकणारा आधी नाचणाऱ्यांच्या पावलांत मिसळे, मग कडेला उभा राहून ठेका तोंडाने म्हणे आणि त्यानंतरच त्याचा हात कातड्याला लागे. ‘बोल’ म्हणजे आघाताचा नाद दाखवणारे अक्षर, आणि ‘ठेका’ म्हणजे अशा बोलांची पुन्हा पुन्हा फिरणारी, ताल ओळखू देणारी बांधणी. या दोन साधनांनी विद्यार्थ्याच्या स्मरणात जे साठे, ते कोणत्याही वहीपेक्षा अधिक टिकाऊ होते.

याच मुलखातून आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती फिरतात, बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण होते, आणि त्या गर्दीत पखवाज व टाळ यांचा मेळ शेकडो जणांना एका चालीत बांधून ठेवतो. वारकरी पखवाजाला शाळेचे रूपही मिळाले: जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. छापील साधनाची सुरुवात त्याही आधी झाली होती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि तेथील तालशिक्षक गुरुदेव पटवर्धन यांचे मृदंग व तबला वादनाच्या पद्धतीवरील हिंदी पुस्तक 1903 मध्ये निघाले. मुखातला बोल कागदावर मात्रांनुसार मांडण्याचा हा प्रयत्न मोलाचा होता. मात्र हाताचे वजन, म्हणजे कोणता आघात किती जोराने आणि किती सैल पडतो, ते कागदावर उतरत नाही, ही त्या माध्यमाचीच मर्यादा होती.

कागदावर न उतरणारे हाताचे असेच वजन दूरच्या क्यूबा बेटावरच्या एका वाद्यातही होते. आफ्रिकेतून, विशेषतः काँगोच्या खोऱ्यातून, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या ढोलांपासून तेथे उंच, निमुळते, हाताने वाजवायचे वाद्य घडले. त्याला तेथे ‘तुंबादोरा’ आणि जगभर ‘कोंगा’ म्हणतात, तर आपल्याकडच्या वादकांच्या बोलीत ते ‘कोंगो’ किंवा ‘तुंबा’ झाले. ताण देणारे स्क्रू बसवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी त्याचे कातडे विस्तवावर शेकून चढवीत, अगदी हलगी शेकतात तसे. हे साम्य कऱ्हाटीतील वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावे असे आहे. 1947 मध्ये चानो पोझो हा क्यूबन वादक डिझी गिलेस्पीच्या न्यूयॉर्कमधील जॅझ मेळ्यात आला आणि हे वाद्य जॅझच्या केंद्रस्थानी पोहोचले. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ही लॅटिन तालवाद्ये रुजवली. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (1951) या चित्रपटात बोंगो या लॅटिन तालवाद्याचा ठेका घराघरांत नेला, आणि पुढे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात मारुतराव कीर व अमृतराव काटकर ही मराठी नावे झळकली. मुंबईपासून दूर राहणाऱ्या होतकरू वादकाला रेडिओ, तबकडी आणि नंतर कॅसेट हीच शाळा होती.

या लॅटिन तालांचा कणा ‘क्लावे’ हा आहे. क्लावे म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारी पाच आघातांची न बदलणारी ओळ, जिच्याशी बाकीची सर्व वाद्ये जुळवून घेतात. तिच्या ‘सोन’ या प्रचलित प्रकाराचे दोन भाग सोळा मात्रांत मोजले, तर आघात 1, 4, 7, 11 आणि 13 या मात्रांवर येतात, म्हणजे तीन, तीन, चार, दोन आणि चार अशी विभागणी होते. त्रितालाच्या सोळा मात्रांत टाळी 1, 5 व 13 वर आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडण्याची जागा, 9 वर असते. पहिली आणि तेरावी मात्रा दोन्हीकडे समान असली, तरी मधल्या आघातांचे सरकणे पूर्णतः वेगळे आहे. ज्या बारामतीत मोरोपंतांनी मात्रा मोजून आर्या रचल्या, तेथील विद्यार्थ्याला ही गणना परकी वाटू नये.

अवघड भाग गणनेच्या पुढे आहे. कोंग्याच्या ‘तुंबाओ’ या मूळ ठेक्यात आठ आघात असतात: तळवा, बोटे, चापट, बोटे, तळवा, बोटे आणि शेवटी दोन उघडे नाद. भजनी ठेका किंवा केरवा यांवर वाढलेला हात समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, वजन देतो; तुंबाओत मात्र पहिली मात्रा दबलेली असते आणि गाज सातव्या-आठव्या मात्रेवर उमटते. अॅलन ड्वोर्स्की आणि बेट्सी सॅन्सबी यांच्या 1994 च्या इंग्रजी पुस्तकात स्वरलिपीऐवजी चौकोनांच्या ओळींत आघात दाखवले आहेत, आणि मात्रांचे खण पाडून बोल लिहिणाऱ्या आपल्या पद्धतीशी ते सहज जुळते. तरीही उघडा नाद किती मोकळा ठेवायचा हे चौकोन सांगत नाही. त्यासाठी एकाने क्लावेची टाळी धरावी, दुसऱ्याने आठ आघात मोठ्याने म्हणावेत आणि सातव्या मात्रेवर दोघांनी मिळून पाऊल टाकावे. गजीच्या रिंगणात शिकलेल्याला या रीतीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.